साभार परत : विकाऊ छायाचित्रे आणि नकाराची परंपरा

नियतकालिकांचा इतिहास आपल्याकडे बहुधा छापून आलेल्या मजकुराच्या आधारे लिहिला जातो. अंक चाळावेत, अनुक्रमणिका पाहाव्यात, संपादकीये वाचावीत आणि त्यांवरून त्या काळच्या अभिरुचीचा अंदाज बांधावा, अशी ही रीत आहे. 'साभार परत' गेलेल्या साहित्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. तिच्या संपादकांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रांविषयी आजही आदराने बोलले जाते, आणि तिच्या नकारांविषयी रागाने. त्या रागालाही अर्थ होता. नकार देणारा माणूस ठाऊक होता, त्याची वाङ्मयदृष्टी ठाऊक होती, त्याच्याशी भांडता येत होते. अभिरुची होकारापेक्षा नकारात अधिक स्पष्ट दिसते असे आम्हांला वाटते, आणि म्हणूनच वरकरणी साहित्याशी संबंध नसलेल्या एका व्यवसायातील नकारांचा इतिहास येथे मांडण्याचे योजले आहे.

हा व्यवसाय 'स्टॉक फोटोग्राफी' या नावाने ओळखला जातो. छायाचित्रकाराने कुणी न सांगता, स्वतःच्या खर्चाने छायाचित्रे काढायची. संस्थेने त्यांतील निवडक आपल्या संग्रहात घ्यायची. आणि ज्याला गरज असेल त्याला ती वापरण्याचा परवाना विकायचा. आलेल्या पैशांतला ठरलेला वाटा छायाचित्रकाराला मिळतो. बँकेच्या पत्रकावरील हसरे कुटुंब, विमा कंपनीच्या जाहिरातीतील आजोबा व नातू, कादंबरीच्या मुखपृष्ठावरील पाठमोरी स्त्री, ही सगळी मंडळी बहुधा अशाच संग्रहांतून आलेली असतात. त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो. पाहिले न जाणे हा त्यांच्या रचनेचाच भाग आहे, आणि तो घडला कसा हे पाहायचे तर त्यांच्या शेजारी जे बसू शकले नाही त्याकडे वळावे लागते.

अमेरिकेत एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्‌स यांनी १९२० साली फिलाडेल्फियात अशी संस्था काढली. या धंद्यातील अगदी सुरुवातीच्या संस्थांत तिची गणना होते. ऑटो बेटमन हे बर्लिनमधील ग्रंथपाल. नाझी राजवटीत नोकरी गेल्यावर १९३५ साली चित्रांनी भरलेल्या दोन ट्रंका घेऊन ते न्यूयॉर्कला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'बेटमन आर्काइव्ह' सुरू केले. ग्रंथपालाचा पिंड असल्याने त्यांचा भर विषयवार वर्गीकरणावर होता. चित्र कुणी काढले यापेक्षा ते कशाचे आहे, कोणत्या कल्पनेसाठी वापरता येईल, हा प्रश्न त्यांच्या कार्डांवर आधी येई. छायाचित्राचे मूल्य त्याच्या वापरात शोधण्याची ही सवय पुढे सगळ्या धंद्याला लागली.

त्याच वर्षांतले एक उदाहरण या व्यवसायाच्या बाहेरचे आहे, पण नकाराच्या इतिहासात ते टाळता येणार नाही. मंदीच्या काळात अमेरिकेतील ग्रामीण दैन्य आणि सरकारी मदतकार्य यांची छायाचित्रे काढवून घेण्यासाठी १९३५ साली एक सरकारी विभाग स्थापन झाला. 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन' हे त्याचे नंतरचे नाव. त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर हे अर्थशास्त्राचे अध्यापक. स्वतः छायाचित्रकार नव्हते. वॉकर इव्हान्स, डोरोथिआ लँग, बेन शान, आर्थर रॉथस्टीन अशी माणसे त्यांच्या हाताखाली होती. गावोगावहून फिल्मची रिळे वॉशिंग्टनला येत, तेथे निवड होई, आणि निवडलेली छायाचित्रे वृत्तपत्रांना व मासिकांना पुरवली जात. जी नापसंत, त्यांचे काय? कागदांना भोके पाडण्याच्या यंत्राने त्यांच्या निगेटिव्हला भोक पाडले जाई. पुन्हा कुणी ते छापू नये म्हणून. चेहऱ्यावर, आकाशात, शेताच्या मधोमध, जिथे यंत्र बसेल तिथे ते वर्तुळ पडे.

या प्रकाराने छायाचित्रकार संतापले. बेन शान यांनी उघडपणे विरोध नोंदवला. १९३९ च्या सुमारास ही प्रथा थांबली. स्ट्रायकर यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की भोक पडलेल्यांपैकी पुष्कळ निगेटिव्ह एकाच दृश्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्त्या होत्या, आणि शिवाय त्यांनी त्या फेकून दिल्या नाहीत. या दुसऱ्या गोष्टीचे मोल पुढे कळले. भोक पाडलेल्या निगेटिव्ह फाइलीतच राहिल्या. त्यामुळे त्या संपादकाला काय नको होते, याचा अभ्यास आज करता येतो.

याच संग्रहातील लँग यांचे 'मायग्रंट मदर' हे १९३६ चे छायाचित्र सर्वांना ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावरील एक आई, तिच्या खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुले. मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसतो. लँग यांना तो खुपत होता. १९३९ साली त्यांनी तो पुसवून घेतला. स्ट्रायकर यांना हे मुळीच आवडले नाही. निगेटिव्हला भोक पाडताना न कचरणारा हा गृहस्थ अंगठा पुसण्याला मात्र हरकत घेतो, हे विसंगत वाटेल. पण यात एक तत्त्व आहे. छायाचित्र नाकारता येते, पण त्यातल्या जगात ढवळाढवळ करता येत नाही, असे ते तत्त्व. पुढच्या काळात ते नेमके उलटे झाले.

त्या आईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन होते हे जगाला १९७८ साली कळले. तिची लेखी संमती कुणी घेतली नव्हती. आजच्या नियमांनुसार हे छायाचित्र जाहिरातींसाठीच्या संग्रहात दाखल होऊ शकले नसते.

१९७० नंतर हा धंदा मोठा झाला. न्यूयॉर्कची 'द इमेज बँक' १९७४ ची. लंडनमध्ये टोनी स्टोन यांची संस्था त्याआधीपासून होती. या काळातील निवडीचे दृश्य असे : खालून प्रकाश टाकणारे काचेचे टेबल, त्यावर वीस-वीस कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या पानांत खोचलेल्या स्लाइड, आणि डोळ्याला भिंग लावून वाकलेला संपादक. एका पानावर काही सेकंद. चांगली वाटलेली स्लाइड बाजूला, बाकीच्या पाकिटात घालून परत. कोडॅक्रोमची सूक्ष्म कणांची फिल्म हवी, रंग स्वच्छ हवेत, माणसे असतील तर त्यांचे संमतिपत्र हवे, हे निकष होतेच; परंतु त्यांच्यामागे जागेचा व मजुरीचा साधा हिशेब होता. प्रत्येक स्लाइडला क्रमांक द्यायचा, लेबल लावायचे, कपाटात ठेवायची, गिऱ्हाइकाकडे पाठवायची, परत आली की तपासायची. जे कपाटात मावणार नाही ते घ्यायचे कशाला? नकार खर्चिक नव्हता, होकार खर्चिक होता. त्यातून संस्थांनी छापील कॅटलॉग काढायला सुरुवात केल्यावर दुहेरी चाळण लागली. संग्रहात शिरलेले छायाचित्र कॅटलॉगमध्ये आले नाही तर ते जवळजवळ नसल्यातच जमा.

तरीही हा नकार माणसाचा होता. तो संपादक पुन्हा भेटे, कधी फोनवर दोन शब्द बोले. त्याची विशिष्ट आवड, विशिष्ट आंधळेपणा छायाचित्रकारांना पाठ असे.

संगणकाने हे बदलले. १९९१ साली सिॲटलमध्ये सुरू झालेल्या 'फोटोडिस्क'ने सीडीवर छायाचित्रे विकली, एकदा पैसे भरा आणि हवी तितकी वापरा, या अटीवर. १९९५ साली मार्क गेटी व जोनाथन क्लाइन यांनी टोनी स्टोनची संस्था विकत घेतली, तर बिल गेट्स यांच्या 'कॉर्बिस'ने बेटमन संग्रह घेतला. (हा संग्रह पुढे पेनसिल्व्हेनियातील चुनखडीच्या एका जुन्या खाणीत, शीतगृहात नेऊन ठेवला गेला. छायाचित्रे टिकावीत म्हणून ती जमिनीखाली. आणि त्यांतली संगणकावर आलेली तेवढीच जगाला दिसणार. हीसुद्धा एक प्रकारची 'साभार परत'च म्हणायची.) २००० साली कॅनडातील कॅलगरीत ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी 'आयस्टॉकफोटो' सुरू केले, २००३ साली जॉन ओरिंजर यांनी स्वतःच काढलेली सुमारे ३०,००० छायाचित्रे घालून 'शटरस्टॉक'. आता डिजिटल कॅमेरा हाती असलेला कुणीही छायाचित्रे पाठवू शकत होता. कपाटाची अडचण संपली होती. तेव्हा नकारही कमी होईल अशी कुणाचीही समजूत व्हावी.

झाले उलटेच. शटरस्टॉकमध्ये प्रवेश हवा असेल तर दहा छायाचित्रे पाठवायची आणि त्यांतली सात मान्य व्हायला हवीत, असा नियम बरीच वर्षे होता. न झाल्यास महिनाभर थांबायचे. आयस्टॉकमध्ये तर नियमावली वाचून प्रश्नमंजुषा सोडवावी लागे व मग तीन नमुने द्यावे लागत. तपासनीस पडद्यावर छायाचित्र पूर्ण आकारात, ठिपक्याला ठिपका दिसेल इतके मोठे करून पाही आणि ठरलेल्या यादीतील एक कारण निवडून उत्तर धाडी. फोकस योग्य जागी नाही. सावलीत नॉइज, म्हणजे रंगीत कणांची खरखर आहे. कडांना जांभळी किनार आहे. प्रकाशयोजना सदोष. संगणकावर अतिसंस्कार झालेले. कुठेतरी बोधचिन्ह दिसते आहे. संमतिपत्र नाही. या विषयाची छायाचित्रे आमच्याकडे भरपूर आहेत. आणि या सर्वांचा मेरुमणी म्हणजे 'व्यावसायिक मूल्य मर्यादित'.

गंमत अशी की जे छायाचित्र ठिपक्याला ठिपका लावून तपासले जाई, ते बहुधा एखाद्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात तिकिटाएवढे छापले जाणार असे. नॉइज तिथे कुणाला दिसणार? परंतु तांत्रिक दोष मोजता येतो, वाद होत नाही, आणि रोज येणाऱ्या ढिगाऱ्यातून वाट काढणाऱ्या तपासनिसाला मोजता येण्याजोगे काहीतरी लागतेच. दोषरहितता हाच गुण ठरला.

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही भूमिका अपरिचित नाही. मम्मटाने काव्याच्या व्याख्येत निर्दोषतेला पहिले स्थान दिले, तेव्हा विश्वनाथाने आक्षेप घेतला की ही अट पाळायची तर काव्य म्हणण्याजोगे जवळजवळ काही उरणारच नाही. छायाचित्रसंस्थांना विश्वनाथ भेटला नाही. परिणाम काय झाला ते पाहावे. सावलीत नॉइज असतो, म्हणून सावली गेली. चुलीच्या उजेडातला चेहरा, कंदिलाची खोली, पावसाळी संध्याकाळ ही दृश्ये 'प्रकाशयोजना सदोष' या एका वाक्यात बाद होऊ लागली. छायाचित्रकार शिकले. शिकणे म्हणजे काय, तर भरपूर प्रकाश, पांढरी पार्श्वभूमी, कोरे कपडे, नाव नसलेल्या वस्तू. तपासनिसाला कारण सापडू नये अशा बेताने छायाचित्र काढायचे. डोक्याला हेडफोन लावून हसणारी तरुणी, हस्तांदोलन, सॅलडची वाटी हाती घेऊन खुदुखुदु हसणाऱ्या बायका या चित्रप्रकारांची जगभर टिंगल झाली. ती टिंगल बहुतेक वेळा छायाचित्रकारांच्या वाट्याला येते. आमच्या मते तिचा मोठा वाटा नकाराच्या यादीकडे जायला हवा.

'व्यावसायिक मूल्य मर्यादित' या कारणावर थोडे थांबू. पॉल फ्रॉश या अभ्यासकाने २००३ साली 'द इमेज फॅक्टरी' हा या उद्योगावरील ग्रंथ लिहिला. त्यांच्या विवेचनातील एक सूत्र असे की असे छायाचित्र जाणूनबुजून मोघम ठेवलेले असते. त्याचा अर्थ त्याखालच्या ओळीने भरायचा असतो. विकत घेणाऱ्याला चित्र हवे असते, पण त्या चित्राला स्वतःचे म्हणणे असलेले चालत नाही. एका महाविद्यालयीन तरुणीची १९९६ साली अमेरिकेत काढलेली छायाचित्रे असंख्य ठिकाणी वापरली गेली, इतकी की २००४ साली 'डेल' आणि 'गेटवे' या दोन प्रतिस्पर्धी संगणक कंपन्यांच्या जाहिरातींत तीच मुलगी अवतरली. ती कोण, कुठली, हे चित्रात कुठेच नव्हते, आणि हेच तिचे व्यावसायिक मूल्य. उलट ज्या छायाचित्रात अमुक गावची अमुक बाई अमुक दिवशी दिसते, ते एकाच गोष्टीसाठी वापरता येणार. त्याचे मूल्य मर्यादित.

यावर कुणी म्हणेल की विशेषाकडून सामान्याकडे जाणे हेच तर कलेचे काम, आपले 'साधारणीकरण' तरी दुसरे काय आहे? हा घोटाळा टाळायला हवा. अभिनवगुप्ताने रसचर्चेत 'शाकुंतला'तील भ्यालेल्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. ते भय देशकालाच्या बंधनातून सुटते हे खरे, परंतु ते सुटते ते त्या विशिष्ट हरणाच्या वळलेल्या मानेतून, त्याच्या तोंडातून गळणाऱ्या अर्धवट चावलेल्या गवतातून. तिथे विशेष आधी पूर्णपणे उभा राहतो, आणि सामान्य त्यातून उगवते. तपासनिसाच्या यादीत ते गवतच दोष ठरेल.

संमतिपत्राचा नियमही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. मूळ हेतू न्याय्य आहे, फ्लॉरेन्स थॉम्प्सन यांचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना तो नाकारता येणार नाही. पण ज्याच्याकडून सही घेता येते अशा माणसाचेच चित्र 'माणूस' म्हणून विकले जाऊ लागले. आषाढी वारीत चालणाऱ्या हजारोंकडून कोण सही घेणार? अशी छायाचित्रे पुढे 'वृत्तवापरासाठी' या वेगळ्या, कमी खपाच्या कप्प्यात जाऊ लागली, गाव-देश-तारखेच्या चिठ्ठीसह. म्हणजे ज्या चित्रांना स्थळकाळ होता त्यांना वेगळे बसवले गेले. मुख्य दालनात राहिले ते सही करणारे, म्हणजे मानधन घेऊन हसणारे.

२००६ साली दिल्लीहून संदीप माहेश्वरी यांनी 'इमेजेसबझार' सुरू केले, ते भारतीय चेहऱ्यांची विकाऊ छायाचित्रे मिळत नाहीत ही उणीव हेरूनच. उणीव खरीच होती. भरून आली ती मात्र त्याच व्याकरणात : गोरटेले कुटुंब, पांढरा सोफा, लॅपटॉपवर वाकलेले आईवडील. साडी आली, सोफा गेला नाही. २०१४ साली गेटीने 'लीन इन' या संस्थेबरोबर स्त्रियांच्या बदललेल्या प्रतिमांचा वेगळा संग्रह काढला. २०१७ पासून मॉडेलच्या शरीराचा आकार संगणकावर बदललेली छायाचित्रे घेणे बंद केले. नकाराची यादी सुधारता येते याचे हे पुरावे आहेत. मात्र पहिल्या यादीने किती वर्षे काय थोपवले, याची नोंद त्यात नाही.

एक अपवाद सांगायला हवा. इंग्लंडमधील 'अलामी' या १९९९ साली स्थापन झालेल्या संस्थेने विषयावरून निवड करायची नाही, केवळ तांत्रिक दर्जा तपासायचा, असे ठरवले. पाठवलेल्या गठ्ठ्यातील काही नमुने तपासायचे. एक जरी नापास झाला तरी अख्खा गठ्ठा परत. शिक्षा कठोर, पण 'हे कोण विकत घेणार' हा प्रश्न विचारला जात नसे, त्यामुळे गावाच्या वेशी, पाट्या, बसथांबे, आडगावचे पूल असा कितीतरी ऐवज तिथे साठला. पुढे संशोधकांना आणि प्रकाशकांना त्याचा उपयोग झाला. मर्यादित मूल्याचीही गिऱ्हाइके असतात. मात्र तीही एक-एकटी येतात.

किमतीचे गणित थोडक्यात सांगून टाकू. २००६ साली गेटीने आयस्टॉक पाच कोटी डॉलरना घेतले. २००९ च्या एप्रिलमध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नाण्यांनी भरलेल्या बरणीचे चित्र आले, ते आयस्टॉकवरचे होते. छायाचित्रकाराला त्याचे ३० डॉलर मिळाले. २०२० साली शटरस्टॉकने मोबदल्याची रचना बदलल्यावर एका विक्रीचा किमान मोबदला १० सेंटवर आला. इतक्या स्वस्तात विकायचे तर छायाचित्र पुन्हा पुन्हा, कुठेही, कुणालाही विकता यायला हवे. मोघमपणाची ओढ अशी पैशातूनही घट्ट झाली.

आतापर्यंतची हकिकत कदाचित जाहिरातींच्या इतिहासाची एक तळटीप म्हणून सोडून देता आली असती. परंतु २०२२ पासून तिला वेगळे वजन आले आहे. शब्दांवरून चित्र तयार करणारी यंत्रे लोकांच्या हाती आली. गेटीने त्या वर्षीच्या सप्टेंबरात यंत्रनिर्मित चित्रे स्वीकारणे बंद केले, अडोबीने डिसेंबरात ती चिठ्ठी लावून स्वीकारण्याचे जाहीर केले. शटरस्टॉकने सभासदांकडून अशी चित्रे घ्यायचे नाकारले, आणि त्याच वेळी आपला संग्रह 'ओपनएआय'ला प्रशिक्षणासाठी दिल्याचे सांगितले. २०२३ साली तो करार सहा वर्षांसाठी वाढवला. गेटीनेही २०२३ साली स्वतःच्या संग्रहावर शिकवलेले यंत्र बाजारात आणले. वाचकांनी पुन्हा एकदा ती यादी आठवून पाहावी : फोकस, नॉइज, प्रकाश, बोधचिन्ह, संमतिपत्र, मर्यादित मूल्य. या चाळणीतून जे खाली उतरले ते यंत्राचे पाठ्यपुस्तक झाले. 'शेतकरी', 'आई', 'शाळा' हे शब्द उच्चारल्यावर यंत्र जे दाखवते त्यात सावली का नसते, कपड्यांना घडी का पडलेली नसते, आणि माणसे नेहमी कुणीतरी बघत असल्यासारखी का हसतात, याचे निदान एक कारण वीस वर्षांपूर्वीच्या त्या एक-एका ओळीच्या उत्तरांत आहे.

आणि जे नाकारले गेले ते कुठे आहे? संस्थांनी ते ठेवले नाही. ठेवण्याचे कारणच नव्हते. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते जुन्या संगणकांबरोबर गमावले असेल. कोणत्या वर्षी, कोणत्या देशातून, कोणत्या विषयाची चित्रे 'मर्यादित मूल्या'ची ठरली, हे पाहण्यासाठी अभ्यासकाला फाइल उपलब्ध नाही. स्ट्रायकर यांच्या कारकिर्दीतील भोक पाडलेल्या निगेटिव्ह मात्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ आता संगणकावरही पाहता येतात. भोकातून आलेला प्रकाश छापताना काळा होतो, त्यामुळे शेतावरच्या आकाशात, मजुराच्या खांद्यालगत, एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर तो काळा गोल बसलेला दिसतो. बाकीचे सगळे, कुंपण, धूळ, अंगणातली बादली, जिथल्या तिथे आहे.